चंदनाचं पीक

तळवड्याच्या कंपनीत रुजू झाल्यावर दुसऱ्या वर्षी माझ्या ओढणीला चंदनाचा वास यायला लागला. मला तो कळला नाही, कारण माझ्या नाकाला सवय झाली होती. आईला कळला. संध्याकाळी मी गाडी पडवीत लावली की ती विचारायची, आळंदीला जाऊन आलीस का. मी नाही म्हणायचे. मग ती जरा वेळ माझ्याकडे बघायची आणि आत जायची. मी कुणाला तरी भेटते आणि तो माणूस अत्तर लावतो, असा तिनं मनाशी हिशेब केला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. माझं लग्न व्हायचं होतं, आणि आईच्या मनात तेवढी एकच गोष्ट होती.

खरं काय ते सांगणं सोपं नव्हतं. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही यीस्ट वाढवायचो, म्हणजे पावाचं पीठ फुगवतं तेच. चंदनाचं झाड आपल्या पेशींतल्या ज्या सूचनांवरून सुवासिक तेल तयार करतं, त्या सूचनांची नक्कल आम्ही यीस्टच्या पेशीत बसवली होती. यीस्टला साखर घालायची आणि त्या साखरेतून त्यानं चंदनाच्या तेलातले मुख्य घटक तयार करायचे, असा सगळा बेत. दीड वर्ष यीस्टनं ऐकलं नाही. अर्ध्यापर्यंत यायचं, भलताच कुठला तरी लाकडी, कच्चा वास द्यायचं आणि थांबायचं. मग एक दिवस टाकीतल्या पाण्यावर वास धरून ठेवायला आम्ही सोडलेल्या बिनवासाच्या तेलाच्या थराला चंदनाचा वास आला. आमचे सर परदेशात शिकून आलेले, बोलायला कमी. त्यांनी बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि बाटली माझ्या हातात देऊन केबिनमध्ये निघून गेले. दार लावून ते रडले, असं ऑफिसातली मुलगी म्हणाली. मला मात्र आनंद झाला की भीती वाटली, ते आजही नीट सांगता येत नाही.

कारण आमच्या बांधावर चंदनाची चौदा झाडं होती.

चाकणच्या पुढे राजगुरुनगरच्या अंगाला आमचं गाव. आमची बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली. उरला तो ओढ्याकडेचा लांबोडा तुकडा. मी दहावीला असताना आप्पांनी कुठल्याशा कृषी मेळाव्यातून चंदनाची रोपं आणली आणि बांधावर लावली. चंदनाला एकट्याला जगता येत नाही, ते शेजारच्या झाडाच्या मुळांतून आपलं पोषण ओढतं, म्हणून प्रत्येक रोपाशेजारी तूर लावली, पुढे कडुलिंब लावला. गावातली माणसं हसली. आप्पा कांद्याचे शेतकरी, कांदा चार महिन्यांत हातात येतो, आणि हे झाड माणूस म्हातारा झाल्यावर सुवासिक गाभा धरणार. आप्पा रोज सकाळी त्या चौदा झाडांवरून एक चक्कर मारायचे, आणि घरी येऊन चहा प्यायचे.

कंपनीत लागले तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं की आम्ही वनस्पतींच्या तेलांवर काम करतो. ते खोटं नव्हतं. कुठली वनस्पती ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

शेवटी आईनंच ते बाहेर काढलं. एकदा जेवताना तिनं सरळ विचारलं, मुलगा कोण आहे, काय करतो. माझा भाऊ ताटावरून वर बघून हसायला लागला. मला एवढं कानकोंडं झालं की मी सगळं सांगून टाकलं. यीस्ट, साखर, टाकी, वास, सगळं. आईला अर्धंच समजलं, पण मुलगा कोणी नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जरा पडला. आप्पांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला होता.

"म्हंजी झाड न तोडता चंदन व्हतं?" त्यांनी विचारलं.

"चंदन नाही आप्पा. चंदनाचं तेल. तेही सगळं नाही, त्यातले मुख्य घटक."

"मग चांगलंच हाय की. आपल्या झाडांवर चोर यायचं न्हाईत." त्यांनी तुकडा आमटीत बुडवला. "आन् घेनारबी यायचं न्हाईत."

ते रागानं नाही म्हणाले. पाऊस येईल की नाही हे सांगावं तसं म्हणाले आणि जेवायला लागले. तो दिवस दूर आहे, टाकीतून आत्ता कुठे चमचाभर निघतंय, असं मी काहीबाही बोलत राहिले. बोलताना लक्षात आलं की दिवसभर मी तो दिवस जवळ यावा म्हणून राबते, आणि घरी येऊन तो दूर आहे म्हणून आप्पांची समजूत घालते. यातलं माझं खरं मत कुठलं, ते मलाच कळेना.

पुढच्या महिन्यात एका सकाळी आप्पा चक्कर मारून आले ते चहा न घेता ओट्यावर बसले. कडेच्या सगळ्यात जाड झाडाच्या खोडाला कुणीतरी भोक पाडलं होतं. बोट जाईल एवढं, सरळ आतपर्यंत. चंदनचोरांची ही रीत आहे. आधी गिरमिटानं भोक पाडून गाभ्याचा भुसा काढतात, वास असेल तर पुन्हा येऊन झाड नेतात. भोकाखाली पडलेला भुसा आप्पांनी रुमालात गोळा करून आणला होता. ते तो पुन्हा पुन्हा हुंगत होते. मग त्यांनी रुमाल माझ्यापुढे धरला.

मी हुंगलं. मला काहीच समजेना. रोज आठ-नऊ तास त्या वासात वावरलेलं माझं नाक. मला तर रुमालालाही चंदनाचा वास आला, आप्पांच्या हातालाही आला.

"तुमच्याकडं मशीन हाय न्हवं?" आप्पा म्हणाले. "बघ त्यात तेल हाय का."

या गोष्टीला घाई होती, त्याचं कारण वेगळं होतं. शेजारच्या जमिनींवर एकेक करून ट्रेलर उभे राहायला लागले होते, पत्र्याची गोडाऊनं उठत होती. एक गोडाऊनवाला आमच्या तुकड्यासाठी दोनदा येऊन गेला होता. माझा भाऊ गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत ठेक्यावर होता. दर वर्षी आपल्याला ठेवतात की नाही याची टांगती तलवार घेऊन तो जगायचा, आणि गोडाऊन झालं तर घर निर्धास्त होईल असं त्याचं म्हणणं. त्याचं चूक नव्हतं. पण गोडाऊन म्हणजे बांध जाणार, आणि बांध गेला की झाडं गेली. झाडांत खरंच काही असेल तर ठेवू, नसेल तर हट्ट सोडू, इथपर्यंत आप्पा आले होते. त्यामुळे रुमालातल्या त्या चिमूटभर भुशावर घरचा निर्णय टांगला गेला आणि तो भुसा माझ्या पर्समध्ये होता.

सरांची परवानगी घेऊन मी तो तपासायला दिला. मशीन चालवणारा आमचा सहकारी लातूरकडचा, माझ्याहून वयानं मोठा, कामाला चोख. त्या मशीनमध्ये द्रवाचा एक थेंब सोडला की त्यातले घटक वेगवेगळे होऊन बाहेर येतात, आणि पडद्यावर रेघ उमटते. जिथे घटक असेल तिथे रेघ डोंगरासारखी वर चढते. त्या डोंगराला आम्ही पीक म्हणतो, इंग्रजीतलं. भुशाच्या अर्काचा थेंब सोडला आणि चंदनाच्या तेलाच्या जागी स्वच्छ, उंच पीक आलं.

मी तिथूनच फोन लावला. "आप्पा, पीक आलंय. चांगलं मोठं आलंय."

ते म्हणाले, "कशाचं पीक? तू हायस कुटं?"

मी हसत हसत समजावून सांगितलं. त्यांना मशिनीचं कळलं की नाही कोण जाणे, पण झाडात तेल आहे एवढं कळलं. संध्याकाळी घरी पोचले तर भाऊ तोंड वाकडं करून बसला होता. आप्पांनी दुपारीच गोडाऊनवाल्याला नाही म्हणून कळवलं होतं. येईल त्याला ते सांगत होते, पोरीनं मशिनीत पीक बघितलंय.

चौथ्या दिवशी लातूरकर सहकारी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात दोन कागद होते. तो आधी मशीनच्या देखभालीबद्दल काही बोलला, मग कागद पुढे ठेवून म्हणाला, "मॅडम, मी काल नुसतं कोरं सोडलं होतं. काही न घातलेलं. त्यातबी पीक आलंय हो."

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. एक आप्पांच्या झाडाचा, एक नुसत्या द्रावणाचा, ज्यात काही असायलाच नको. दोन्हीवर तोच डोंगर, त्याच जागी, उंचीही जवळजवळ तेवढीच. महिनाभर आम्ही त्या मशीनमधून यीस्टचं तेल भरपूर सोडलं होतं, ते आत कुठेतरी चिकटून राहिलं होतं आणि प्रत्येक थेंबाबरोबर थोडं थोडं बाहेर येत होतं. म्हणजे आप्पांच्या झाडात म्हणून मी जे बघितलं ते बहुधा माझ्याच यीस्टचं होतं. बहुधा. कारण भुशात तेल नव्हतं असंही त्यातून सिद्ध होत नव्हतं. काहीच सिद्ध होत नव्हतं.

कोरं आधी सोडून बघायचं, मग नमुना, हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. मी स्वतः नव्या मुलींना ते शिकवायचे. त्या दिवशी मी ते का विचारलं नाही? मला घाई होती म्हणून, की मला पीक यायलाच हवं होतं म्हणून? आणि हवं होतं तर का? आप्पांच्या झाडांसाठी, की झाडांत तेल निघालं म्हणजे माझ्या कामाची टोचणी कमी झाली असती म्हणून? मोशीच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत उभी असताना मी हेच उलटसुलट करत होते. मागचा ट्रकवाला हॉर्न देत राहिला तरी मला पुढे जायचं सुचलं नाही.

तीन दिवस मी घरी काही बोलले नाही. सहकाऱ्यानं मशीन उघडून धुतलं, आतल्या नळ्या बदलल्या, कोरी रेघ सपाट येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवलं. आता उरलेला भुसा तपासू म्हटलं, तर तो आठवडाभर माझ्या टेबलाच्या खणात होता, जिथे सगळ्यालाच वास. तो भुसा फुकट गेला होता. नवा हवा होता. आणि नवा हवा म्हणजे आप्पांना सांगणं आलं.

रविवारी सकाळी ते बांधावर होते. मी मागून गेले आणि उभ्यानंच सांगितलं की मी सांगितलेलं चुकीचं असू शकतं. कोऱ्या नमुन्यातही तेच आलं, मशीन खरकटं होतं.

"खरकटं?" ते म्हणाले.

"आधीच्याचं राहिलेलं. न धुतलेल्या पातेल्यात दूध तापवावं तसं."

आप्पा बराच वेळ खोडावरचं ते भोक बघत राहिले. त्यांनी त्यात बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट भरली होती, निळसर डाग वाळून तडकला होता. मला वाटलं आता ते गोडाऊनवाल्याचा विषय काढतील, माझ्या शिक्षणाचा काढतील. ते म्हणाले, "मग धुवून घेतलं का?"

"घेतलं."

"तर मग पुन्ना बघ."

या खेपेला मी दोन दिवस रजा टाकली. कंपनीतले कपडे वेगळे ठेवले, डोक्यावरून अंघोळ केली, आणि झाडांपासून लांब उभी राहिले. आप्पांनीच गिरमिट चालवलं, भुसा कागदात पुड्या बांधून ठेवला. सगळ्या झाडांना भोकं पाडायला ते तयार नव्हते. पाच झाडं निवडली, त्यात चोरांनी बघितलेलं ते जाड झाडही होतं. मी पुड्यांवर आकडे घातले. लातूरकर सहकाऱ्यानं प्रत्येक पुडीच्या आधी कोरं सोडलं, प्रत्येक वेळी रेघ सपाट आली, तेव्हाच पुढे गेला.

पाचांपैकी तिघांत काहीच नव्हतं. एकात असून नसल्यासारखं. आणि ओढ्याकडच्या एका बारक्या, वाकड्या झाडात, ज्याच्याकडे कुणी बघितलंही नसतं, चांगलं तेल होतं. जाड झाड कोरडं होतं. चोर दुसऱ्यांदा का आले नाहीत ते आता कळलं. त्यांना मशिनीची गरज पडली नव्हती.

रोपं एकाच दिवशी आणलेली, माती तीच, पाणी तेच. मग एकात आहे आणि चारांत नाही, हे का? मी सरांना विचारलं. त्यांनी चार कारणं सांगितली आणि शेवटी म्हणाले, नक्की कुणाला माहीत नाही. यीस्टच्या बाबतीत असं झालं असतं तर आम्ही आठवडा आठवडा बैठका घेतल्या असत्या. घरी येऊन मी आप्पांना पाचही आकडे वाचून दाखवले. मी पुन्हा एकदा गोंधळलेलं उत्तर घेऊन आले होते आणि त्याची मला लाज वाटत होती. आप्पांनी कुठल्या झाडात किती, ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले की कांद्याच्या एका वाफ्यातसुद्धा सगळे सारखे येत नाहीत, यात विशेष काय आहे.

भावाला विशेष वाटलं. तो म्हणाला की एका वाकड्या झाडापायी आपण गोडाऊन घालवलं, आणि तेही माझ्या खरकट्या मशिनीमुळे. त्यानं गोडाऊनवाल्याला पुन्हा फोन केला. पण त्या माणसानं तोवर शेजाऱ्यांचा तुकडा घेऊन टाकला होता. दोन महिने भाऊ माझ्याशी धड बोलला नाही. त्याची शिफ्ट लवकरची असली की आधी मी त्याला चौकापर्यंत सोडायचे, तेही त्यानं बंद केलं. मी चुकले हे मला मान्य होतं. पण मी बरोबर असते, पहिल्याच दिवशी तेल नाही म्हणाले असते, तर झाडं तुटली असती, आणि त्यात ते वाकडं झाडही गेलं असतं. मग चूक झाली ते बरं झालं का? असं म्हणायलाही जीभ रेटेना.

शेजारच्या तुकड्यावर गोडाऊन झालं. आमच्या बांधाला लागूनच त्यांची पत्र्याची भिंत उभी राहिली, कोपऱ्यात मोठे दिवे लागले, नांदेडकडचा एक रखवालदार कुटुंब घेऊन राहायला आला. चंदनाच्या पानांवर मालट्रकांची धूळ बसते, आप्पा पाइपानं ती धुतात. पण त्या दिव्यांमुळे आणि रखवालदाराच्या कुत्र्यामुळे चोर पुन्हा फिरकले नाहीत. ज्या गोडाऊनमुळे झाडं जाणार होती, तेच झाडं राखत बसलंय. भावाचा राग हळूहळू निवळला. त्याच गोडाऊनमध्ये त्याला सुपरवायझरची जागा मिळाली, ठेक्याची नाही, कायमची. घरापासून चालत जातो. झाडांबद्दल आता तो काही बोलत नाही. परवा रखवालदाराला कुठलं झाड चंदनाचं आणि कुठला कडुलिंब, ते दाखवत होता.

कंपनीत यीस्टचं काम पुढे सरकलं. चमचाभर होतं ते बादलीभर झालं. परफ्यूमवाल्यांकडून विचारणा आली, आणि त्यांना एक गोष्ट हवी होती: बाटलीवर काय लिहायचं. झाडातून काढलेलं नाही, रसायनांतून बनवलेलंही नाही, जिवंत पेशीनं साखर खाऊन केलेलं. सरांनी मला एक ओळ लिहायला सांगितली, साधी, लोकांना कळेल अशी. मी दोन दिवस घेतले. नैसर्गिक लिहिलं, खोडलं. चंदनासारखं लिहिलं, तेही खोडलं, कारण रेघेवर ते चंदनासारखं नव्हतं, चंदनच होतं. शेवटी मी कोरा कागद परत दिला. सरांनी तो बघून खिशात ठेवला. पुढे दुसऱ्या कुणीतरी ती ओळ लिहिली.

कंपनीनं एका शनिवारी घरच्या माणसांना काम बघायला बोलावलं, तेव्हा आई आली नाही, आप्पा आले. टोपी, धुतलेलं धोतर, चपलांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. मी त्यांना मोठ्या टाकीपाशी नेलं. त्यांनी स्टीलवर हात ठेवला.

"कोमट लागतंय," ते म्हणाले. "हे खातं काय?"

"साखर."

"उसाची?"

"हो. उसाची, कधी मक्याची."

रोग पडतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पडतो. बाहेरचा एखादा जंतू शिरला की अख्खी टाकी ओतून द्यावी लागते, गेल्या पावसाळ्यात एकदा दिली. त्यावर त्यांनी मान हलवली. आतापर्यंत दाखवलेल्या सगळ्यात त्यांना तेवढं नीट पटलेलं दिसलं.

सरांनी कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून त्यांच्या हातात दिला. आप्पांनी वेळ लावून हुंगलं. "वास चंदनाचाच हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन आमच्या झाडाचा न्हाई."

सर एकदम पुढे झाले. फरक कसा ओळखलात, असं त्यांनी अगदी आदरानं विचारलं. त्यांना वाटलं असावं, मशीनला दिसत नाही ते या माणसाच्या नाकाला कळतंय.

"एक वाकडं सोडलं तर आमच्या झाडांना वासच कुटं हाय अजून," आप्पा म्हणाले.

सर मोठ्यानं हसले. आप्पाही हसले. मीही हसले, पण मला नक्की कशाचं हसू आलं ते ठरवता आलं नाही.

परतताना ते माझ्या मागे गाडीवर बसले होते. मी चिखलीच्या रस्त्याला त्यांना विचारायचं ठरवलं होतं की मी करते ते त्यांना पटतं का. वाक्य मनात दोन-तीनदा जुळवलंही. तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला ठिबकच्या सामानाचं दुकान होतं. ओढ्याकडच्या त्या वाकड्या झाडापर्यंत नळी पोचत नाही, दोन जोड घ्यायचे आहेत, म्हणाले. ते आत गेले आणि दुकानदाराशी नळीच्या जाडीवरून बोलत बसले. मी हेल्मेट हातात घेऊन बाहेर उन्हात उभी राहिले, त्यांचं आटपेपर्यंत.